दोन सारख्यांतील निवड

दोन वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर असले म्हणजे निवड करावी लागत नाही. ती आपोआपच होऊन जाते. माणसाच्या विवेकाची खरी परीक्षा होते ती जुळ्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू त्याच्यासमोर ठेवल्या जातात तेव्हा. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये बुरिदान नावाचा एक तत्त्वचिंतक होऊन गेला. त्याच्या नावावर एका गाढवाची कथा सांगितली जाते. अगदी सारख्या अंतरावर ठेवलेल्या गवताच्या दोन सारख्याच पेंढ्यांपैकी कोणती खावी याचा निर्णय न झाल्यामुळे ते गाढव उपाशी मेले, अशी ती कथा. गंमत अशी की, ही कथा बुरिदानच्या ग्रंथांत कोठेच आढळत नाही. पुढे त्याच्या टीकाकारांनी ती त्याच्या माथी मारली असावी. तथापि ती आजवर टिकून राहिली, याचे कारण तिच्यातील गाढव आपल्याला ओळखीचे वाटते, हेच होय.

सध्याच्या काळात हा पेच पुष्कळ घरांमध्ये एका विशिष्ट वस्तूच्या निमित्ताने उभा राहतो. ती वस्तू म्हणजे लॅपटॉप. दुकानात एकाच किमतीचे, एकाच रंगाचे, एकाच तऱ्हेचे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि घेणाऱ्याच्या घरात आठवडाभर चर्चा चालते. मला या विषयावर काही लिहावेसे वाटले, ते आमच्या गावच्या परिस्थितीमुळे.

गुरुकुंज मोझरी हे गाव तिवसा तालुक्यात, अमरावती-नागपूर महामार्गावर, अमरावतीपासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर वसलेले आहे. १९३५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी येथे आश्रमाची स्थापना केली, तेव्हापासून दूरदूरची माणसे या गावाकडे येत राहिली. आता त्याच रस्त्याने येथील माणसे रोज सकाळी बाहेर पडतात. कोणी नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत जातो, कोणी बँकेत, कोणी अमरावतीच्या महाविद्यालयात. या रोजच्या जाण्यायेण्याला आमच्याकडे ‘अप-डाउन’ म्हणतात. हा शब्द रेल्वेच्या भाषेतला. पण एसटीच्या प्रवाशांनी तो केव्हाच आपलासा केला. पूर्वी अशा प्रवाशाच्या हाती जेवणाचा डबा आणि फार तर एखादी वही असे. आता तरुण मुलामुलींच्या पाठीवर एक जाड पिशवी असते आणि तिच्यात लॅपटॉप असतो. गर्दीच्या गाडीत उभे राहण्याची वेळ आली की ही पिशवी पाठीवरून पोटाशी घ्यावी लागते. तिच्याकडे पाहण्याची त्या मुलांची नजर, तान्ह्या मुलाला सांभाळणाऱ्या आईच्या नजरेहून फारशी निराळी नसते.

ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. साधारण बऱ्या लॅपटॉपला पन्नास हजार रुपये मोजावे लागतात असे धरू. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची शासनाने ठरविलेली किमान आधारभूत किंमत क्विंटलला ७,५२१ रुपये होती. त्या हिशेबाने एक लॅपटॉप म्हणजे साडेसहा क्विंटलांहून अधिक कापूस झाला. वऱ्हाडातील कोरडवाहू जमिनीत एका एकरातून एवढा कापूस निघाला तर शेतकरी त्या वर्षाला बरे वर्ष म्हणतो. आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी व वेचणी यांचा खर्च अजून वजा झालेला नसतो. एका एकराचे वर्षभराचे पीक ज्या वस्तूवर जाते, तिची निवड हा काही चैनीचा प्रश्न नव्हे.

अमरावतीला संगणकशास्त्र शिकण्यासाठी रोज जाणाऱ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. तिने दोन लॅपटॉप पाहून ठेवले आहेत. एकाचा पडदा १४ इंचांचा, दुसऱ्याचा १५.६ इंचांचा. सोयीसाठी आपण पहिल्याला धाकटा आणि दुसऱ्याला थोरला म्हणू. दोघांचाही प्रोसेसर एकच, रॅम १६ जीबी, साठवणीची जागा ५१२ जीबी. हमीची मुदत दोघांचीही एक वर्ष. धाकट्याचे वजन १.४ किलो, थोरल्याचे १.७ किलो. धाकट्याची बॅटरी ५७ वॅट-तासांची, थोरल्याची ४२ वॅट-तासांची. थोरल्याच्या कळफलकावर उजवीकडे आकड्यांच्या कळांचा स्वतंत्र गट आहे; धाकट्यावर तो नाही. थोरला हजार रुपयांनी स्वस्त आहे. मुलीचे वडील म्हणतात, “कमी पैशात मोठा भेटते, तं लहान कायले घ्याचा?” हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. कापड घेताना, भांडे घेताना, खोली भाड्याने घेताना आपण हाच न्याय लावत असतो.

बीजगणित शिकताना आपण एक गोष्ट शिकतो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना जे पद समान असेल ते काढून टाकावे. त्यावाचून समीकरण सुटत नाही. दुकानात मात्र नेमके उलटे घडते. विक्रेता जी पदे दोन्हीकडे समान आहेत त्यांचेच वर्णन विस्ताराने करतो. प्रोसेसरचा क्रमांक, रॅमचा आकडा, साठवणीचा आकडा, त्याबरोबर मिळणारी पिशवी आणि माऊस. ऐकणाराही त्यात गुंगून जातो. वस्तुतः जे दोन्हींत सारखे आहे ते निवडीच्या कामी शून्य किमतीचे असते, मग ते स्वतः कितीही मौल्यवान असो.

मराठी लिहिण्याच्या सोयीविषयीही लोक विचारतात. तिचाही समावेश याच वर्गात होतो. देवनागरी कळफलकाची ‘इनस्क्रिप्ट’ ही रचना १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तेव्हापासून संगणकाची प्रगती अशी होत गेली की, आज कोणत्याही बनावटीचा लॅपटॉप घेतला तरी त्यात ही रचना सुरू करून घेता येते. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने, अशी ती सुबक मांडणी आहे. ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतील खास मराठी वळणाच्या ‘ऱ्य’साठीही तीत स्वतंत्र सोय आहे. ज्यांना वर्षानुवर्षे टंकलेखनयंत्रावर मराठी मजकूर बडवावा लागला, त्यांना या सोयीचे मोल विशेष कळेल. परंतु धाकटा आणि थोरला दोघेही हे काम सारखेच करतात, तेव्हा तोही मुद्दा आपण समीकरणातून काढून टाकू.

उरली काय? वजन, बॅटरी, पडद्याचा आकार, आकड्यांच्या कळा आणि हजार रुपये. आता खरा विचार सुरू होतो.

प्रथम वजन घेऊ. तीनशे ग्रॅम म्हणजे फार झाले तर मोठा पेलाभर पाणी. त्याचे एवढे काय, असे पुष्कळांना वाटेल. दुकानात दोन्ही हातांवर लॅपटॉप घेऊन पाहिले तर हा फरक जाणवतही नाही. पण दुकानाच्या गार हवेत दोन मिनिटे धरलेले ओझे आणि पाठीवर रोज दोन वेळा वाहिलेले ओझे, ही एकच गोष्ट नव्हे. त्या मुलीच्या पिशवीत लॅपटॉप एकटा नसतो. डबा असतो, वह्या असतात, उन्हाळ्यात लिटरभर पाण्याची बाटली असते, म्हणजे एक किलो तेथेच झाले. वर्षाचे १८० दिवस धरले तर तीन वर्षांत ५४० वेळा हे ओझे अमरावतीला जाणार आणि ५४० वेळा परत येणार. त्यातील काही फेऱ्या उभ्याने होणार, काही वेळा बसस्थानकापासून महाविद्यालयापर्यंत पायी जावे लागणार.

शिवाय वजनाचा हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. थोरल्याची बॅटरी लहान असल्यामुळे तो दिवसभर पुरणार नाही, आणि म्हणून त्याचा चार्जर सोबत न्यावा लागेल. असा चार्जर तारेसकट तीनशे-चारशे ग्रॅमांचा भरतो. धाकट्याचा चार्जर घरी ठेवता येईल. तेव्हा पिशवीत प्रत्यक्षात १.४ किलो विरुद्ध १.७ किलो असा सामना नसून, १.४ विरुद्ध २ किलो किंवा त्याहूनही अधिक असा तो आहे. जाहिरातीच्या कागदावर चार्जरचे वजन क्वचितच छापलेले असते. ज्याने ते रोज वाहिले आहे त्यालाच ते विचारावे.

या बाबतीत तक्रार करणाऱ्या आपल्या पिढीला पूर्वजांचे हसू आले असते, हेही येथे सांगितले पाहिजे. १९८१ साली ‘ऑस्बोर्न १’ नावाचा एक संगणक बाजारात आला. तो कोठेही नेता येतो अशी त्याची ख्याती होती. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा अवघा ५ इंचांचा होता, आणि त्याला बॅटरीच नव्हती! शिवणयंत्राच्या पेटीसारखा तो हातात धरून न्यावयाचा आणि जेथे वीज असेल तेथे उघडावयाचा. तरीही लोकांनी तो आनंदाने विकत घेतला.

आता बॅटरीकडे वळू. पाठीवर वाहता येणारा संगणक शक्य झाला तो मुख्यतः लिथियम-आयन बॅटरीमुळे. या बॅटरीचा व्यापारी उपयोग सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम केला. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल मिळविणारे ते पहिलेच. निवृत्तीनंतर माणसाचे काम संपते असे समजणाऱ्यांनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे.

बॅटरी किती वेळ चालेल हे काढण्यास नोबेल पारितोषिकाची गरज नाही. साधा भागाकार पुरतो. बॅटरीवर वॅट-तास छापलेले असतात. लॅपटॉप लिहिण्यावाचण्याच्या साध्या कामाला साधारण ८ वॅट वीज खातो असे धरा. ५७ भागिले ८ म्हणजे सात तासांहून थोडे अधिक. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच तास. विद्यार्थ्यांनी हा भागाकार स्वतः करून पाहावा, आणि मग जाहिरातीतील ‘बारा तास’, ‘पंधरा तास’ या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावे. ते आकडे पडद्याचा उजेड मंद करून, अगदी हलके काम देऊन काढलेले असतात. चित्रफीत पाहिली, जड प्रोग्राम चालविला, तर वीज अधिक लागते आणि वेळ कमी होतो.

पहिल्या वर्षी सव्वापाच तासही पुरतील असे कोणी म्हणेल. पण बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची धारणशक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तिसऱ्या वर्षी, जेव्हा प्रकल्पाचे काम सर्वांत जास्त असते तेव्हा, थोरला जेमतेम सव्वाचार तास चालेल. धाकटा मात्र पावणेसहा तासांच्या घरात राहील. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या विद्यार्थिनीला हा दीड तास फार मोठा आहे. महाविद्यालयात वीज असते हे खरे. परंतु साठ मुलांच्या वर्गात भिंतीवर सॉकेट किती असतात, आणि त्यांतील चालू किती असतात, हे ज्याचे त्याने मोजावे. संध्याकाळी घरी आल्यावर पावसाळ्यात वीज गेलेली असली तर उरलेल्या बॅटरीवरच दुसऱ्या दिवशीचा अभ्यास उरकावा लागतो.

विजेच्या खर्चाचा प्रश्न मात्र कोणी काढू नये. धाकट्याची रिकामी बॅटरी पूर्ण भरण्यास, वाया जाणारी वीज धरूनही, सत्तर वॅट-तासांच्या आत-बाहेर लागतात. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. म्हणजे एका युनिटात ही बॅटरी चौदा वेळा भरते. घरातील पंखा याहून अधिक खातो.

वऱ्हाडच्या हवेविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण लॅपटॉप बनविणाऱ्यांनी वऱ्हाडचा मे महिना पाहिलेला नसावा. अनेक उत्पादक आपल्या माहितीपुस्तिकेत ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान वापरास योग्य म्हणून नमूद करतात. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास फिरत असतो. ३५ अंश हे आमच्याकडे वळिवानंतरचे सुखद हवामान झाले! लिथियमच्या बॅटरीला उष्णता मुळीच मानवत नाही. त्यातही ती पूर्ण भरलेली असताना तापली तर अधिक लवकर झिजते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लॅपटॉप ठेवून जाणे म्हणजे तव्यावर मेणबत्ती ठेवून जाणे होय. आणखी एक शत्रू म्हणजे धूळ. हंगामाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपासच्या हवेत कापसाचे सूक्ष्म तंतू तरंगत असतात. ते पंख्याच्या जाळीत जाऊन बसतात. अंथरुणावर, गोधडीवर लॅपटॉप ठेवून काम केले तर खालच्या भोकांतून हवा आत जाणे बंद होते आणि पंखा नुसताच घरघरत राहतो. हे दोष धाकट्याला आणि थोरल्याला सारखेच लागू आहेत, असे कोणी म्हणेल. आणि ते बरोबर आहे. परंतु ज्याच्याजवळ बॅटरीची शिल्लक मोठी, त्याला झीज सोसता येते. पाच क्विंटल ज्वारी साठविलेल्या घराला उंदीर लागले आणि दोन क्विंटल साठविलेल्या घराला उंदीर लागले, यांत फरक आहेच.

मोठ्या पडद्याचा मोह मात्र मी हलका लेखणार नाही. डोळ्यांना जे मोठे दिसते त्याची बाजू माणूस सहज घेतो. पडद्याचे माप कर्णावर घेतात. म्हणून क्षेत्रफळांची तुलना करताना कर्णांचे वर्ग घ्यावे लागतात. १५.६ चा वर्ग २४३.३६ आणि १४ चा वर्ग १९६. म्हणजे थोरल्याचा पडदा जवळजवळ चोवीस टक्क्यांनी मोठा आहे. परंतु त्यावर चोवीस टक्के अधिक मजकूर दिसतो काय? नाही. दोन्ही पडद्यांवर आडवे १९२० आणि उभे १०८० इतकेच बिंदू आहेत. धाकट्यावर जेवढ्या ओळी दिसतात तेवढ्याच थोरल्यावर दिसतात. फक्त अक्षर थोडे मोठे दिसते. माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या माणसाला ते मोठे अक्षर हवेहवेसे वाटेल, आणि मी घरी टेबलावर ठेवून वापरणार असेन तर थोरलाच घेईन. अठरा वर्षांच्या डोळ्यांना त्याची आवश्यकता नाही. घरी दूरचित्रवाणीसंच असेल तर एका तारेने लॅपटॉप त्याला जोडता येतो, आणि मग दोन्ही पडदे लहानच ठरतात.

आकड्यांच्या कळांचेही असेच आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असेल, दिवसभर जमाखर्चाच्या नोंदी करावयाच्या असतील, तर त्या कळांनी हाताला जी गती येते ती वजनाची भरपाई करून देईल. अशा मुलाला मी थोरला घेण्यास सांगेन, आणि चार्जर वाहण्याची तयारी ठेव असेही सांगेन. संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्या कळा क्वचितच लागतात. उलट त्यांच्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकलेल्या असतात आणि हात पडद्याच्या मध्यभागी राहत नाहीत.

सारांश काढण्याची घाई न करता मी एका वेगळ्या प्रश्नाकडे वळतो, कारण मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. हा निर्णय कोणी घ्यावयाचा? आपल्याकडे घरातील मोठी वस्तू घेण्यास घरातील मोठा माणूस जातो. सोबत एखादा जाणता नातेवाईक असतो, पुण्याला नोकरी करणारा चुलतभाऊ फोनवर असतो, दुकानदार असतो. ज्या मुलीसाठी वस्तू घ्यावयाची ती बहुधा एका बाजूला उभी असते. तिला रंग विचारतात! मुलाच्या बाबतीतही असे घडते, परंतु मुलीच्या बाबतीत अधिक घडते. पैसा वडिलांचा आहे, घामही त्यांचाच आहे, हे मला मान्य आहे. तो किती खर्च करावयाचा हे ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच. पण रक्कम एकदा ठरली म्हणजे तिच्या मर्यादेत कोणती वस्तू घ्यावी हे, जिच्या पाठीवर ती जाणार आहे तिनेच ठरविले पाहिजे. बैलबाजारात बैल विकत घेताना आपण त्याला जुंपणाऱ्या माणसाचे मत घेतो. गावातील सर्वांत वडील माणसाचे घेत नाही. सातच्या गाडीत उभे राहून पिशवी पोटाशी धरणे म्हणजे काय, हे पुण्याच्या चुलतभावाला फोनवरून कळणार नाही.

तिनेही दुकानात संकोच करू नये. लॅपटॉप बंद करून हातात घ्यावा, आपली नेहमीची पिशवी सोबत नेलेली असावी आणि तो तिच्यात डब्यासह मावतो की नाही हे पाहावे. १५.६ इंचांचा लॅपटॉप पुष्कळशा साध्या पिशव्यांत तिरपा बसतो, आणि तिरपा बसलेला लॅपटॉप गाडीच्या धक्क्यांनी कोपऱ्यावर आपटतो. झाकण मधोमध धरून उघडावे आणि बिजागरी सैल आहे की घट्ट, हे बोटांनी पाहावे. प्रवासात सर्वांत आधी मोडते ती बिजागरीच. जाण्यायेण्याच्या दोन तासांत लॅपटॉप चालवावयाचा नसतो, नुसता न्यावयाचा असतो, हे दुकानात उभे असताना कोणाच्या लक्षात राहत नाही. पूर्वीच्या यंत्रांत माहिती साठविण्यासाठी फिरती तबकडी असे आणि धक्का बसला की ती बिघडे. आताच्या साठवणीत हलणारा भाग नाही, तेव्हा ती काळजी उरलेली नाही. परंतु पडदा काचेसारखाच नाजूक राहिला आहे.

दोन प्रश्न दुकानदारास विचारणे अगत्याचे आहे. पहिला असा की, मागचे झाकण उघडून बॅटरी बदलता येते काय, आणि रॅम पाटीवर डाखलेली आहे की खाचेत बसविलेली? डाखलेली असेल तर पुढे ती वाढविता येणार नाही. दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. कंपनीचे अधिकृत दुरुस्तीकेंद्र अमरावतीत आहे की नागपूरला? मोझरीहून नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करील असे हमीपत्रात लिहिलेले असले, तरी आपल्या गावचा पिनकोड सांगून ते खात्रीने विचारावे. पुष्कळदा ‘घरी’ या शब्दाचा अर्थ शहरातील घरी असा निघतो. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. वस्तू दुरुस्त करता येणे हा ग्राहकाचा हक्क आहे, हे तत्त्व त्यामुळे निदान कागदावर आले. धाकटा आणि थोरला यांच्यापैकी एकाचे दुरुस्तीकेंद्र जवळ आणि दुसऱ्याचे लांब असेल, तर माझ्या वरील सर्व हिशेबाचे पारडे उलटेही फिरू शकते. बॅटरीचा दीड तास मोठा खरा. परंतु परीक्षेच्या तोंडावर पंधरा दिवस यंत्राविना बसणे त्याहून मोठे आहे.

पैसे हप्त्याने द्यावयाचे असतील तर ‘शून्य टक्के व्याज’ या पाटीकडे डोळसपणे पाहावे. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तू मुळात अस्तित्वातच नसते. ते व्याज प्रक्रिया शुल्काच्या किंवा नाकारलेल्या सवलतीच्या रूपाने कोठेतरी दडलेले असते. रोख किंमत किती आणि हप्त्यांची बेरीज किती, ही वजाबाकी दुकानातच करावी. तिथे लाजण्याचे कारण नाही. कापूस विकताना काट्यावर नजर ठेवणाऱ्याने लॅपटॉप घेताना ती खाली का घालावी?

राहता राहिले हजार रुपये, जे धाकट्यासाठी अधिक द्यावे लागतात. तीन वर्षांच्या ५४० दिवसांत ते वाटले तर दिवसाला दोन रुपयांहूनही कमी पडतात. बसस्थानकावरच्या अर्ध्या चहाला यापेक्षा जास्त लागतात. वडिलांना हे पटले तर उत्तमच. न पटले तर मुलीने त्यांना एक दिवस सकाळच्या गाडीने, दोन किलोची पिशवी पाठीवर देऊन, अमरावतीला घेऊन जावे.

धाकटा घरी आला की पहिले काम एकच करावे. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय आता पुष्कळ लॅपटॉपमध्ये दिलेली असते. सुट्टीत लॅपटॉप दिवसच्या दिवस घरी तारेला जोडलेला राहतो, तेव्हा ती सुरू करावी. महाविद्यालय उघडले, पुन्हा सातची गाडी सुरू झाली, की आदल्या रात्री तो शंभर टक्के भरून घ्यावा.